दर दोन तासांनी करवत

॥ श्री ॥
मोमिनाबाद, दवाखाना
माघ शुद्ध ५, शके १८४६

तीर्थरूप आजीच्या पायांशी छबूचा शि. सा. न. वि. वि.

तीन दिवस पत्र लिहीन लिहीन म्हणत होते, ते आज लिहिते. शुद्ध द्वितीयेला आत्याबाईंचं पोट उघडून आतला गोळा काढला. केवढा म्हणशील तर आपल्या परसातल्या काशीफळाएवढा. गावात बाया साठीत दिवस गेले म्हणून कुजबुजत होत्या, त्यांना आता खुशाल सांग. गोळा घमेल्यात घालून दादांना दाखवला, तेव्हापासून दादा व्हरांड्यातच बसून आहेत. आत या म्हटलं की त्यांना तहान लागते.

दुखू नये म्हणून आत्याबाईंना दिवसातून तीन-चार वेळा दंडात सुई टोचतात. नुसती जादू आहे. कण्हत नाहीत, चिडत नाहीत. उताण्या पडून छताकडे बघून हसत असतात. तीन दिवसांत जागची हालचाल नाही. काल तर म्हणाल्या, भिवरावहिनीसारखी भाकरी सगळ्या मोगलाईत कुणाला थापता येत नाही. मी दोनदा विचारून घेतलं, तुझंच नाव घेतलं.

एकच काळजी आहे. डॉक्टरीणबाई हैदराबादच्या, बोलतात सगळं उर्दूत. त्यांनी दादांना बोट नाचवून सांगितलं की दर दोन तासांनी करवत बदलली पाहिजे. दादांचं तोंड उतरलं. पोटाला टाके घातलेत, आता करवत कशाला, आणि तीही दर दोन तासांनी नवी? मराठी बोलणारी नर्स केसरबाई तिच्या भाचीच्या लग्नाला गेल्या आहेत, मग विचारायचं कुणाला? आम्ही बापलेकीनं ठरवलं, आत्याबाईंना जराही हलू द्यायचं नाही. अंग स्थिर राहिलं तर जखम लवकर मिटेल आणि करवतीची वेळ येणार नाही. डॉक्टरीणबाई फेरीला आल्या की करवत बदलली का म्हणून विचारतात. मी हौ जी म्हणते. त्या खूश होऊन जातात.

तुझ्या गुडघ्याला तेल लावत जा. आपला गडी आश्रुबा गाडी घेऊन गावाकडं निघालाय, त्याच्या हाती हे पत्र. आहे ती माया उणी होऊ देऊ नको.

तुझी छबू

॥ श्री ॥
युसूफ वडगाव
माघ शुद्ध ६

चि. सौ. छबूस भिवराआजीचे अ. आ. वि. वि.

इकडं समदे बरे हाईत. तिकडं बरं न्हाई, आन् ते तुमा दोघांच्या ध्यानात आलं न्हाई.

वन्संनी माझ्या भाकरीला चांगलं म्हटलं हे वाचलं आन् माझ्या हातातलं सूप खाली पडलं. रांडमूंड होऊन त्या आपल्या घरी आल्या त्याला बत्तीस वर्षं झाली. मीठ कमी हाय आन् मीठ जास्त हाय, याच्या मधलं त्यांच्या तोंडून काही निघालं न्हाई. ती बाई शुद्धीवर न्हाई एवढं तुला कळू नये? चार इयत्ता कशापायी शिकवल्या तुला?

दुसरं. बत्तीस वर्षांत मी वन्संना उताणं निजलेलं पाहिलं न्हाई. कायम भिंतीकडं तोंड, माझ्याकडं पाठ. ती बाई तीन दिवस उताणी पडून हसती, म्हंजे तिला आपली पाठ कुठं हाय तेच उमगंना झालंय.

आता तुझी करवत. खातूनबी आळीत बांगड्या भरायला आली होती, तिला पत्र वाचून दाखवलं. ती हसता हसता स्वतःच्याच बांगड्यांच्या माळेवर बसली, पाच फुटल्या. अगं करवत न्हाई, करवट! करवट म्हंजे कूस. ह्या करवटीवरून त्या करवटीवर निजवा, असं ती लोकं लेकराबद्दल बोलत्यात. ती डाक्टरीण बिचारी कूस बदला, कूस बदला म्हणून कानीकपाळी ओरडली आन् तुझा बाप सुताराच्या दारात जाऊन बसला. तो तर तो, तू वरून हौ जी म्हणतीस. न कळता हौ जी म्हणायची खोड तुझ्या आज्याची. त्या खोडीपायी एकदा आपल्या दारात दुसऱ्याचा रेडा येऊन बांधला गेलता.

हसायचं झालं. आता नीट वाच. ही सुई अफूच्याच जातीची असणार. आमच्या वक्ताला बाया खुरपायला जाताना लेकराला मोहरीएवढी अफू चाटवायच्या. माझ्या माहेरी शेजारणीचं पोरगं असं बांधावर निजलं, मुंगळ्यांनी कानाची पाळी खाल्ली तरी रडलं न्हाई. आई संध्याकाळी म्हणाली, लई गुणाचं हाय. अफूनं मुंगळा जात न्हाई बाई, रडणं तेवढं जातं. आपला पांढरा बैल मांडी मोडून पडला तवा तुझा आजा रोज चार डाव त्याला ह्या अंगावरून त्या अंगावर उलथायचा. दोन दिवस आजा बाजाराला गेलता, तेवढ्यात मागच्या फऱ्यावरचं कातडं सडलं. बैल मांडीनं मेला न्हाई, त्या कातड्यानं मेला.

तवा पत्र हातातून खाली ठेव आन् वन्संना कुशीवर कर. माकडहाड बघ, टाचा बघ, खांद्यामागचे पाखोटे बघ, कोपरं बघ, डोक्याची मागची बाजू बघ. लाल दिसलं तर बोटानं दाब. दाबून पांढरं पडून परत लाल झालं तर वेळ हाय. लालच राहिलं तर डाक्टरणीचे पाय धर. आन् ती सुई बंद करा. दुखू द्या जरा. दुखलं की आपोआप हलतील.

माया हाय, पण ती डोळे उघडे ठेवणाऱ्यावर जास्त हाय.

भिवराबाई

॥ श्री ॥
मोमिनाबाद
माघ शुद्ध ७

तीर्थरूप आजीस छबूचा शि. सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. आजी, माकडहाडावर तळहाताएवढा लाल चट्टा आहे. बोटानं दाबला, लालच राहिला. मधोमध सुपारीएवढं कातडं गेलंय, ओलं आहे. टाचा जांभळट झाल्यात. आत्याबाईंना विचारलं दुखतं का, तर म्हणाल्या छान वाटतंय.

केसरबाई आजच परत आल्या. त्यांना करवतीचं सांगितलं तर आधी तोंडाला पदर लावला आणि पाठ बघितल्यावर पदर खाली आला. मग मला जे बोलल्या ते लिहीत नाही. डॉक्टरीणबाईंनाही सगळं कळलं. त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. केसरबाईंच्या तोंडून मला म्हणाल्या, पोटातलं काम झालं, ते मी केलं. पाठीचं काम तुझं होतं. पाठीची जखम हाडापर्यंत गेली तर, या वयात गोळा काढल्याचा काही उपयोग राहणार नाही.

एक मात्र तुझं चुकलं. रागावू नको. तुझ्या पत्रावरून दादांनी दुपारची सुई टोचू दिली नाही. पहिल्यांदाच धीर करून आत आले आणि खाटेपुढं आडवे उभे राहिले. तासाभरात आत्याबाई लाकडासारख्या ताठ झाल्या. श्वाससुद्धा अर्धाच घ्यायच्या. कुशीवर करायला हात लावला की अशा किंचाळल्या की सगळा दवाखाना गोळा झाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सुई हवीच. सुई आहे म्हणून तर त्यांना हलवता येतं. सुई घेतलेल्या माणसाला कळत नाही, म्हणून जवळच्यानं त्याच्या वाटचं कळून घ्यायचं, एवढंच. सुई लागू झाली की अर्ध्या तासानं कूस बदलायची, हीच वेळ सोयीची.

आता दर दोन तासांनी घंटा झाली की मी आणि केसरबाई वळवतो. पोटऱ्यांखाली दादांच्या धोतराची गुंडाळी ठेवलीय, टाचा अधांतरी राहतात. पण आत्याबाई ऐकत नाहीत. आम्ही पाठ फिरवली की परत उताण्या. जखमेवरच परत. म्हणतात, मला काही होत नाही, मला कशाला छळता? हातानं धरून किती वेळ बसू? काहीतरी सुचव. रुसू नको.

तुझी छबू

॥ श्री ॥
युसूफ वडगाव
माघ शुद्ध ८

चि. सौ. छबूस अ. आ. वि. वि.

सुईचं माझं चुकलं. डाक्टरीण म्हणती तसं करा. हे एवढंच लिहिते, परत वाचायला मागू नको आन् तुझ्या बापाला दाखवू नको.

वन्सं तुमचं ऐकणार न्हाईत. त्या देवाचं ऐकत न्हाईत. पण एका गोष्टीला त्या बत्तीस वर्षांत चुकल्या न्हाईत. मी टोचून बोलले की भिंतीकडं तोंड करून निजतात आन् दुसऱ्याच्या घरची भानगड कानावर पडली की तोंड इकडं करतात. आश्रुबा सांगत होता, खाट भिंतीला लागून हाय आन् दाराकडच्या बाजूला दिंद्रुडची वच्छलाबाई पडलीय. झालं तर मग. डावीकडं माझा राग, उजवीकडं वच्छलाबाई. दोन्हीच्या मधे पाठ मोकळी.

चिठ्ठ्या लिहून दिल्यात. घंटा झाली की एक वाचायची, भिंतीची मोठ्यानं आन् दाराची कानात. क्रम चुकवू नको.

भिंतीची चिठ्ठी. वन्सं, तुमची कैरीच्या लोणच्याची बरणी फोडली. तुमी हात लावू नका म्हणून बजावलं होतं ती. आळीत वाटलं. ज्यानं खाल्लं त्यानं आधी पाणी मागितलं आन् मग तुमची चौकशी केली.

दाराची चिठ्ठी. शेजारच्या वच्छलाबाईच्या नाकातली नथ तिची न्हाई म्हणतात, जावेची हाय. मोती डाव्या बाजूला चिरलेला असला तर जावेचीच. उताणं पडून चीर दिसायची न्हाई. बघून छबूला सांगा.

भिंतीची चिठ्ठी. तुमचे मालक देवमाणूस होते, मी कधी नावं ठेवली न्हाईत. पण एकदा पाहुणे म्हणून आले आन् असे घोरले की आपली म्हैस दावं तोडून केजच्या रस्त्याला लागली, हे खरं हाय.

दाराची चिठ्ठी. वच्छलाबाईला भेटायला येतो तो लाल फेट्याचा माणूस भाऊ म्हणून सांगती. भाऊ असला तर पाया पडंल. पडतो का न्हाई त्यावर ध्यान ठेवा.

भिंतीची चिठ्ठी. तुमची गाय तुमच्याशिवाय कुणाला हात लावू देत न्हाई म्हणत होतात तुमी. मला तांब्याभर जास्त देती. गाईलाही सुटल्यासारखं झालं असंल.

अशा आणखी सात हाईत, आतल्या पुडक्यात. त्यातली निळ्या दोऱ्याची फार झोंबंल, ती पाठ लई ओली दिसली तरच वाच.

बापाला सांग, व्हरांड्यात बसून तहान लागायची तेवढीच कामं असतील तर इकडं ज्वारी उभी हाय. ओढ असू दे. पण आधी घंटा.

भिवराबाई

॥ श्री ॥
मोमिनाबाद
माघ शुद्ध ११

तीर्थरूप आजीस शि. सा. न. वि. वि.

पहिली चिठ्ठी वाचली. लोणच्याचं नाव निघताच आत्याबाईंचे डोळे उघडले. सुई होऊन अर्धा तास झाला होता, तरी तू मेली मसणवटीत असं स्पष्ट म्हणून त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. केसरबाईंनी मागं उशी सरकवली. दोन तास तशाच. मग नथीची चिठ्ठी वाचली तर स्वतःहून दाराकडं. चीर उजवीकडं आहे असं त्यांचं म्हणणं आहे, आणि फेटेवाला पाया पडला नाही. वच्छलाबाईंना काहीच माहीत नाही, त्या आपल्या रोज आत्याबाईंकडं बघून हसतात. त्यांना वाटतं, किती मायेनं बघते ही बाई.

म्हशीच्या चिठ्ठीला मात्र घात झाला असता. आत्याबाई इतक्या झटक्यानं वळल्या की टाक्यांतून रक्त आलं. डॉक्टरीणबाईंनी चौकशी केली, केसरबाईंनी चिठ्ठी उर्दूत करून सांगितली. डॉक्टरीणबाई खुर्चीत बसल्या आणि चष्मा पुसत राहिल्या. मग हुकूम दिला की आजींना कळवा, राग बेतानं आणायचा आणि पोटावर उशी धरल्याशिवाय म्हशीचा विषय काढायचा नाही.

आता दुसरं लिहिते. लपवलं तर तू ओळखशील. टाचा सुधारल्या. पण माकडहाडावर मधलं कातडं काळं पडलं. काल डॉक्टरीणबाईंनी ते कात्रीनं काढून टाकलं. आत खड्डा आहे, बोटाचं अर्धं पेर बुडेल एवढा. कालपासून ताप चढलाय. आज आत्याबाई काही बोलल्या नाहीत. गाईची चिठ्ठी परत वाचली तरी वळल्या नाहीत, आम्हीच वळवल्या. निळ्या दोऱ्याची वाचायला माझा धीर होत नाही. पुडक्यात आता तेवढीच उरलीय, बाकीच्या परत परत वाचते. आजी, ही पाठ माझ्या हौ जीमुळं गेली. हे मी कुणापाशी बोलू?

छबू

॥ श्री ॥
युसूफ वडगाव
माघ शुद्ध १२

छबूस आशीर्वाद.

हौ जी तू म्हणालीस, बरोबर. मग पाठ उलटून बघितलीस, तेही तूच. रडायचं असंल तर दोन घंटांच्या मधे रड. घंटेला हात कोरडे पाहिजेत.

जखम धुवायच्या आधी सुई द्यायला सांग. ओलं राहू देऊ नको. चादरीला वळी नको, खाली भाकरीचा कणसुद्धा नको. दूध पाज, अंडं पाज. अंड्याचं वन्संना सांगू नको, दूध घट्ट हाय म्हण. विटाळ माझ्या डोक्यावर.

निळ्या दोऱ्याची जाळून टाक. ती मी रागात लिहिली होती, ती खरी होती.

नव्या वीस चिठ्ठ्या धाडल्यात. कालपासून तेच करते. बोलल्या न्हाईत तरी वाच. ऐकू येतं. वळल्या न्हाईत तर तुमी वळवा, पण वाचल्याशिवाय वळवू नका, त्यांना वाटंल आपण लाकूड झालो.

आळीतल्या बाया विचारायला येतात. मी आत घेत न्हाई. वन्संचं अंथरूण झाडलेलं न्हाई, होतं तसंच हाय. हे वाचून दाखवू नको.

आश्रुबाला रोज धाडते. तो रिकामा आला तरी येऊ दे.

भिवराबाई

॥ श्री ॥
मोमिनाबाद
फाल्गुन वद्य ८

गं. भा. भिवरावहिनीस जानकीचा नमस्कार वि. वि.

मी सांगते आणि छबू लिहिते. तिला म्हटलं आहे, मी सांगेन तेच लिही, स्वतःची अक्कल घालू नको.

ताप महिन्यापूर्वी उतरला. उतरला तेव्हा पहिलं कानावर काय पडलं, तर मी वाटीत घेतलेलं तूप बत्तीस वर्षांपूर्वी कुत्र्यानं खाल्लं नव्हतं, मीच खाल्लं होतं. वहिनी, ते कुत्र्यानंच खाल्लं. तुमचं पाळलेलं कुत्रं. एवढ्यासाठी मला डोळे उघडावे लागले.

लोणच्याची बरणी तुम्ही फोडली नाही. फोडली असती तर आत किडे होते हे तुम्ही आधी लिहिलं असतं. ती मागच्या पावसातच खराब झाली होती आणि मी कुणाला सांगितलं नव्हतं. गाईचंही खोटं. ती तुम्हाला लाथ मारते, आश्रुबानं मला सांगितलं. म्हणजे दुसऱ्या दिवसापासूनच मला कळलं होतं की तुम्ही मला वळवायला लिहिता. कळूनही मी वळले. का, ते ऐका.

माझ्या नावानं आजपर्यंत कागद आला नाही. मालकांना लिहिता येत नव्हतं. ते गेले त्याचंही कुणी पत्र पाठवलं नाही, माणूस पाठवला. इथं घंटा झाली की सगळ्या खाटांवरच्या बाया गप्प बसतात, कारण आता जानकीबाईंचं पत्र वाचणार. दिवसाला आठ. मामलेदाराला येत नसतील. वच्छलाबाई तर विचारते, तुमच्या भावजयीची एवढी कशी हो माया? नथ तिचीच आहे, तिनं दाखवली. फेटेवाला कोण हे मात्र मी तुम्हाला तोंडानं सांगेन, कागदावर नको.

पाठ अजून बरी नाही. फार ठणकते. खड्डा आहे तसाच आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात महिना-दोन महिने तरी लागतील. तेव्हा चिठ्ठ्या थांबवू नका. भिंतीच्या जास्त पाठवा, दाराच्या आता शिळ्या झाल्या. आणि तुम्ही मला वाईट बोलायच्या बाबतीत अलीकडं हात आखडता घेता, शेवटच्या चार मचूळ होत्या. जमत नसेल तर तसं कळवा.

राग आहे तो असाच राहावा.

जानकी

ता. क. आजी, हे माझं. आत्याबाईंनी गळ्याची शपथ घातली आहे, पण मी आता कळल्याशिवाय कुणाला हौ जी म्हणत नाही. खड्डा भरलाय. वर गुलाबी कातडं आलंय, डॉक्टरीणबाईंनी काल स्वतः बोटानं दाबून बघितलं, पांढरं पडून परत लाल झालं. सुई आठ दिवसांपूर्वीच बंद झाली. शुक्रवारी घरी न्या म्हणतात. आत्याबाई आपल्या आपण कूस बदलतात, पण घंटा झाली की उताण्या पडून डोळे मिटतात आणि मी वाचेपर्यंत हलत नाहीत. शुक्रवारपर्यंत वीस तरी लागतील. आश्रुबाच्या हाती लवकर पाठव.